रिस्टोअरची तारीख

पंधरा-वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या पतसंस्थेत, दूध संघात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात बॅकअप म्हणजे एक माणूस असे. संध्याकाळी कॅश जुळली, डे-एंड झाला, की तो सर्व्हरला पेनड्राइव्ह लावायचा, कालच्या फाइलवर आजची फाइल चढवायचा आणि पेनड्राइव्ह खिशात टाकून घरी जायचा. पद्धत कच्चीच होती. तो रजेवर गेला की बॅकअपही रजेवर जाई. पेनड्राइव्हला व्हायरस लागे, कधी तो शर्टाबरोबर धुण्यात जाई. सभासदांच्या ठेवींची सगळी कुंडली कुठल्याही कुलपाविना एसटीतून प्रवास करी. हे काम यंत्राकडे गेले ते बरेच झाले. आता रात्री अडीच वाजता डेटाबेसची प्रत आपोआप निघते, दाबून लहान होते, कूटबद्ध होते आणि मुंबईच्या किंवा हैदराबादच्या क्लाउड-केंद्रात जाऊन पडते. कोणाला जागावे लागत नाही की आठवण ठेवावी लागत नाही.

या बदलाचे कौतुक पुष्कळ झाले. मात्र त्या माणसाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. तो कामाला बेभरवशाचा होता, पण साक्षीला पक्का होता. बॅकअप राहिला तर निदान त्याला तरी ते ठाऊक असे. रोज दहा मिनिटे लागणारी फाइल आज दोन सेकंदांत उतरली, तर त्याच्या मनात शंका येई. यंत्राचे नेमके उलटे आहे. काम सांगाल तसे, सांगाल त्या वेळी. पण आपण केलेल्या कामाला काही अर्थ उरला आहे का, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला कोणी नेमलेले नसते. माझा मुद्दा हाच आहे. बॅकअप स्वयंचलित करताना आपण काम यंत्राला देतो आणि साक्ष कोणालाच देत नाही. ती जोवर दिली जात नाही, तोवर स्वयंचलित बॅकअप हातच्या बॅकअपपेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो, कारण त्याच्यावर विश्वास जास्त असतो. आणि बॅकअपची साक्ष एकाच प्रकारे मिळते: त्यातून डेटा पुन्हा उभा करून पाहायचा. धंद्याच्या भाषेत, रिस्टोअर करायचा.

नुसते तत्त्व सांगून हे पटणार नाही, म्हणून अशी स्क्रिप्ट जरा जवळून पाहू. लिनक्स सर्व्हरवर ठरल्या वेळी ठरलेले काम उरकणारा क्रॉन नावाचा जुना प्रोग्रॅम असतो. त्याला मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने भरून द्यायचे आणि पुढे करायचे काम लिहायचे. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेससाठी हे काम बहुधा असे असते: डंप काढणाऱ्या प्रोग्रॅमने सगळा डेटा ओतायचा, उभ्या रेघेने जोडलेल्या जीझिपने तो दाबून त्याची फाइल करायची आणि पुढच्या ओळीने ती फाइल क्लाउडच्या बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, चढवायची. आता समजा, सुरक्षेच्या कारणाने कोणी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंपचा प्रोग्रॅम दारातूनच परत फिरतो. जीझिपच्या हाती काहीच येत नाही. पण जीझिपला ‘काहीच नाही’ हेसुद्धा दाबता येते. तो २० बाइटची, नियमाप्रमाणे अगदी निर्दोष अशी रिकामी फाइल तयार करतो आणि काम झाल्याचे कळवतो. हे आदेश चालवणाऱ्या शेलचा मुळातला नियम असा की रेघेने जोडलेल्या साखळीत शेवटच्याचा निकाल तोच अख्ख्या साखळीचा निकाल. हा नियम बदलायला एक वेगळी सूचना लिहावी लागते, आणि इकडून-तिकडून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये नेमकी तीच नसते. परिणामी फाइलच्या नावात आजची तारीख आहे, बकेटमध्ये ती वेळेवर पोचली आहे, लॉगमध्ये यशाची ओळ उमटली आहे. कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपापल्यापुरते खरेच सांगितले, आणि एवढ्या खऱ्यातून एक मोठे खोटे तयार झाले.

ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी बांधलेली आहे, असे कंपनी सांगते. एकूण अकरा नऊ. विक्रेते हा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवतात, आणि तो खोटाही नाही. फक्त ती अकरा नवांची खात्री त्या २० बाइटच्या रिकाम्या फाइललाही तितकीच लागू असते. क्लाउड तुम्ही दिलेले जपतो; जे दिले ते जपण्याजोगे होते का, हे पाहणे त्याच्या कामात मोडत नाही.

वेळेचेही असेच. क्लाउडवरचे सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ‘रात्री दोन’ असे समजून क्रॉनमध्ये दोनचा आकडा भरला, तर इकडे बॅकअप सुरू होतो सकाळी साडेसातला. दूध संघासाठी ही संकलनाची ऐन वेळ. काट्यासमोर किटल्यांची रांग, लिटर आणि फॅटच्या नोंदी एकामागून एक पडताहेत. टेबलांना कुलूप लावून डंप घेतला तर नोंदी खोळंबतात. कुलूप न लावता, आणि सगळ्या टेबलांचे एकाच क्षणाचे चित्र न मागता घेतला, तर दूध एका टेबलात आलेले आणि त्याची रक्कम दुसऱ्यात न पोचलेली, अशी अर्धवट प्रत हाती लागते. ही फाइल रिकामी नसते. आकारावरून ती ओळखता येत नाही. ती उघडून, आकडे जुळवून पाहिल्यावरच तिचे बिंग फुटते.

असे फक्त आडगावच्या, अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातून होते असे कोणाला वाटत असेल, तर गिटलॅबची कथा वाचावी. जगभरच्या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणे हाच या कंपनीचा धंदा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या दोन डेटाबेस सर्व्हरांपैकी मागे चालणारा दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरशी जुळेना. एका अभियंत्याने दुय्यमवरचा डेटा पुसून नव्याने जुळवणी करायची ठरवली आणि पुसण्याचा आदेश दिला तो मुख्य सर्व्हरवर. क्षण-दोन क्षणांत चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला. पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

माणसाच्या हातून असे व्हायचेच. बॅकअप असतो तो त्यासाठीच. खरी गोष्ट पुढे सुरू होते. रोज आपोआप निघणारा डंप एस-थ्रीवर जातो, म्हणून तिकडे पाहिले तर बकेट रिकामी. कारण असे निघाले की डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि डंप काढणारे हत्यार ९.२ चे चालत होते. ते दर वेळी चूक सांगून थांबत होते. चूक झाली की ईमेल जावे अशी सोयसुद्धा होती. पण क्रॉनकडून जाणाऱ्या त्या ईमेलांवर आवश्यक ती ओळख-स्वाक्षरी नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. अझूर या क्लाउडवर डिस्क-स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीची, सोय होती, पण ती डेटाबेस सर्व्हरांसाठी चालूच केलेली नव्हती. दुय्यम सर्व्हर तर आधीच पुसलेला. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने भलत्याच कामासाठी, चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून, हाताने घेतलेला स्नॅपशॉट. चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क मंद असल्यामुळे तो परत आणायला अठराएक तास लागले. त्या सहा तासांतले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच.

गिटलॅबचे कौतुक अशासाठी की दुरुस्तीचे काम त्यांनी यूट्यूबवर जगाला थेट दाखवले आणि नंतर चुकांचा पंचनामा जाहीर केला. त्या पंचनाम्यात एक प्रश्न आहे: बॅकअपची नियमित चाचणी का होत नव्हती? उत्तर असे की त्या कामाला धनी नव्हता, त्यामुळे चाचणी घेणे कोणाचीच जबाबदारी नव्हती. आवृत्ती, ईमेल, स्नॅपशॉट ही सगळी पुढची कारणे. काम यंत्राने करायचे ठरल्यावर ‘ते आपोआप होते’ हे वाक्य कार्यालयात रुळते, आणि जे आपोआप होते त्याची विचारपूस करणारा माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग जुनीच पद्धत बरी होती की! गिटलॅबला हाताने घेतलेल्या प्रतीने वाचवले. पिक्सारलाही तसेच वाचवले होते. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चे काम चालू असताना कोणाच्या तरी एका आदेशाने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या, आणि बॅकअप पाहू गेले तर तो नीट चालतच नव्हता. त्या चित्रपटाच्या तांत्रिक पर्यवेक्षक गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक जपून स्टुडिओत आणला आणि चित्रपट वाचला. किस्से रंगतदार आहेत, पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दोन्हीकडे जी प्रत कामी आली ती बॅकअप म्हणून घेतलेलीच नव्हती. अशा नशिबावर संस्था चालत नाहीत. जिथे असे नशीब आडवे आले नाही, तिथले किस्से कोणी सांगत बसत नाही.

उत्तर कमी स्वयंचलनात नाही, पुरत्या स्वयंचलनात आहे. आज आपण बॅकअपचा पहिला अर्धा भाग यंत्राला दिला आहे. दुसराही द्यायला हवा. दर रात्री, किंवा निदान दर रविवारी, क्लाउडवर एक तात्पुरता सर्व्हर उभा करायचा. त्यात बकेटमधली सर्वांत ताजी फाइल उतरवून डेटाबेस खरोखर भरायचा. मग त्याला दोन-चार प्रश्न विचारायचे. शेवटची नोंद कालचीच आहे का? सभासदांची संख्या आदल्या वेळेपेक्षा अचानक घटली तर नाही? ठेवी आणि कर्जे यांच्या बेरजा काल डे-एंडला छापलेल्या तेरीजपत्रकाशी रुपया-पैशाने जुळतात का? मग सर्व्हर मोडून टाकायचा. लहान डेटाबेससाठी हे तासाभराचे, काही रुपयांचे काम आहे. वर सांगितलेली २० बाइटची फाइल यातल्या पहिल्याच प्रश्नाला पकडली जाते आणि साडेसातची अर्धवट प्रत तिसऱ्या प्रश्नाला अडकते.

दुसरी गोष्ट शांततेचा अर्थ ठरवण्याची. ‘चूक झाली तर ईमेल पाठव’ ही पद्धत मुळातच लंगडी आहे, कारण जे बिघडले आहे त्यानेच आपण बिघडल्याचे सांगावे अशी तिची अपेक्षा असते. सर्व्हर बंद पडला, क्रॉन थांबला, ईमेल अडले, तर इनबॉक्स शांत. आणि सगळे सुरळीत असले तरी इनबॉक्स शांतच. या दोन शांततांमधला फरक बाहेरून कळत नाही. म्हणून उलटी रीत लावावी. चाचणीचा रिस्टोअर यशस्वी झाला की निरोप जावा, तोही वेगळ्या जागी चालणाऱ्या पहाऱ्याकडे, आणि सकाळी सहापर्यंत निरोप आला नाही तर त्या पहाऱ्याने फोन वाजवावा. अशी सोय देणाऱ्या सेवा बाजारात आहेत. थोडे प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला ती एका दुपारीत बांधताही येते. मुद्दा एवढाच की शांतता हे यशाचे लक्षण राहता कामा नये.

स्वयंचलनाची याहून गंभीर बाजू पुसण्याची आहे. बॅकअप साठवायचे तर जुने काढावे लागतात, नाहीतर बिल फुगते. म्हणून ‘३० दिवसांपूर्वीचे पुसून टाक’ ही ओळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असते. आता रिकाम्या फाइलींशी तिचा हिशेब जुळवून पाहा. पासवर्ड बदलल्यापासून रोज रिकामी फाइल चढते आहे आणि रोज एक जुनी, चांगली फाइल पुसली जाते आहे. महिन्याभरात शेवटचा खरा बॅकअपही वेळापत्रकाप्रमाणे, शिस्तीत पुसला जातो. निम्मे काम बंद पडलेल्या यंत्राने उरलेले निम्मे चोख बजावले. म्हणून नवी प्रत चाचणीला उतरल्याशिवाय जुनी पुसायची नाही, हा क्रम स्क्रिप्टमध्येच बांधायला हवा.

क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये याच्याही पुढचे घडले. तिथल्या महासंगणकावर बॅकअपची स्क्रिप्ट १० दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसत असे. पुरवठादार कंपनीने स्क्रिप्टची सुधारित आवृत्ती चढवली, तीही जुनी चालू असतानाच. बॅश हा शेल स्क्रिप्ट वाचत-वाचतच चालवतो. त्यामुळे अर्ध्यातून नवी ओळ वाचली गेली, फोल्डरचे नाव ज्यात असायला हवे ती जागा कोरी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. दोन दिवसांत सुमारे ७७ टेराबाइट, जवळजवळ ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी चार गटांचा डेटा परत मिळण्यासारखा नव्हता. कंपनीने चूक पूर्णपणे आपली असल्याचे मान्य केले. डेटा गेला तो बॅकअपच्याच हातून.

इथे प्रश्न अधिकाराचा येतो. बॅकअप घेणाऱ्या यंत्राला बॅकअप पुसण्याचा अधिकार का असावा? २०१४ च्या जूनमध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉन खात्याच्या नियंत्रण-फलकात एक खंडणीखोर घुसला. कंपनीने त्याला बाहेर काढायचा प्रयत्न सुरू करताच त्याने दिसेल ते पुसायला घेतले: सर्व्हर, स्नॅपशॉट, बकेटा. बाहेर ठेवलेल्या म्हणून ज्या प्रती होत्या, त्याही त्याच खात्याच्या आवाक्यात होत्या. बारा तासांत कंपनी धंदा करण्याच्या स्थितीत राहिली नाही आणि ती बंद पडली. आजचे रॅन्समवेअरवाले हेच आधी करतात. बॅकअप शोधून मारतात आणि मग खंडणीची चिठ्ठी ठेवतात. यावरचा उपाय जुन्या हिशेबनिसांना ठाऊक होता: रोकड सांभाळणारा आणि वही लिहिणारा एकच असू नये. क्लाउडवर याचा अर्थ असा की डेटाबेस सर्व्हरला बकेटमध्ये फक्त नवे टाकण्याची परवानगी द्यायची, पुसण्याची नाही. बकेट वेगळ्या खात्यात ठेवायची. एस-थ्रीवर २०१८ पासून ऑब्जेक्ट लॉकची सोय आहे. तिच्या कडक प्रकारात ठरवलेली मुदत संपेपर्यंत खात्याच्या मूळ मालकालाही फाइल पुसता येत नाही. मालकालाही नाही, हे ऐकून अनेक संचालक बिचकतात. पण मालकाचा पासवर्ड चोराच्या हाती गेलेला असतो, त्या दिवशी हाच नियम मालकाच्या बाजूने उभा राहतो.

रेप्लिकेशनच्या भरवशावर राहणाऱ्यांनाही इथेच सांगायला हवे. मुख्य सर्व्हरवर जे घडते ते क्षणात दुय्यमवर उमटते, हा त्याचा गुण. पण तो आरसा आहे. समोर टेबल पुसले गेले की आरशातलेही पुसले जाते. सर्व्हर जळाला तर दुय्यम उपयोगी पडतो. चुकीचा आदेश दिला गेला तर त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी मागच्या काळात परतता आले पाहिजे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बदलांच्या नोंदींच्या १६ एमबीच्या फाइली सतत क्लाउडवर पाठवत राहिले, तर डेटाबेसच्या फाइलींच्या कालच्या मूळ प्रतीवर (डंपवर नव्हे, बेस बॅकअपवर) त्या चढवून ‘दुपारी दोन वाजून चौदा मिनिटांपर्यंतचा डेटा दे’ असे मागता येते. ज्या कार्यालयात दिवसभर पैसे फिरतात, तिथे रात्रीचा एकच डंप पुरा पडत नाही.

आता अंतर. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या क्लाउड कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक अख्खी इमारत नष्ट झाली. बऱ्याच ग्राहकांना त्या दिवशी कळले की आपला बॅकअपही त्याच आवारात होता. पैसे मोजून बॅकअपची सेवा घेतलेल्या एका ग्राहकाने दावा लावला, आणि २०२३ मध्ये वाणिज्य न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ऑस्ट्रेलियात मे २०२४ मध्ये यूनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची यंत्रणा पुसली गेली. उभारणीच्या वेळी एक रकाना कोरा राहिल्यामुळे तिला आपोआप एक वर्षाची मुदत लागली होती. निधीचे सभासद सहा लाखांहून अधिक. निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या, म्हणून नुकसान आटोक्यात राहिले. दोन्ही घटनांचा अर्थ सरळ आहे: क्लाउड ही एक जागा आहे आणि एक मालक आहे. प्रत दुसऱ्या जागी हवी, आणि जमल्यास दुसऱ्या मालकाकडे.

दक्षिण कोरियात याची जबर किंमत मोजली गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनमधल्या सरकारी डेटा केंद्राला लिथियम बॅटरीतून आग लागली आणि जी-ड्राइव्ह ही सरकारी कर्मचाऱ्यांची फाइल-साठवण जळाली. ८५८ टेराबाइट डेटा, आणि बाहेर प्रत नाही. आकार फार मोठा असल्यामुळे बाहेर बॅकअप घेतला जात नव्हता, असे सांगण्यात आले. याहून बोलकी गोष्ट अशी की कर्मचाऱ्यांना कामाच्या फाइली आपल्या संगणकावर न ठेवता याच ड्राइव्हवर ठेवायला सांगितलेले होते. आपल्याकडच्या कुठल्याही शासकीय पत्राच्या तळाशी ‘प्रत’ असा मथळा आणि खाली यादी असते: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, जिल्हा कोषागार अधिकारी, आणि शेवटी निवड नस्ती. ही कागदी उधळपट्टी म्हणून आपण तिला हसतो. पण २१ जून २०१२ ला मंत्रालय पेटले, तेव्हा जळालेल्या नस्त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी विभागांना अशाच बाहेर गेलेल्या प्रतींकडे वळावे लागले. सगळे एका जागी नीटनेटके आणणे हा कारभाराचा गुण खरा, पण नीटनेटकेपणात आपोआप पसरलेल्या प्रती आधी जातात. त्या जाणार असतील तर त्यांच्या जागी हेतुपूर्वक ठेवलेल्या प्रती आल्या पाहिजेत.

प्रत आहे, चांगली आहे, दूर आहे, तरी एक प्रश्न उरतोच: परत यायला किती वेळ? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरांवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कूटबद्ध झाला. ई-हॉस्पिटलचा डेटा हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला, असे सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे बॅकअपने आपले काम केले. तरीही देशातल्या अग्रगण्य सरकारी रुग्णालयात सुमारे दोन आठवडे केसपेपर, तपासण्या, दाखले हाताने चालले. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये हल्ला झाला, तेव्हाही डिजिटल संग्रहाच्या प्रती सुरक्षित होत्या. पण त्या उतरवायला धड यंत्रणाच उरली नव्हती. डेटा असणे आणि काम सुरू होणे यांत आठवड्यांचे, महिन्यांचे अंतर पडू शकते. स्वस्त पडते म्हणून ॲमेझॉनच्या सर्वांत खोल साठवणीत बॅकअप ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तिथून फाइल नुसती हाती यायला नेहमीच्या मार्गाने १२ तासांपर्यंत आणि स्वस्तातल्या मार्गाने ४८ तासांपर्यंत लागू शकतात. डेटाबेस भरणे त्यानंतर. जुन्या वर्षांच्या वह्यांना ते चालेल. कालच्या बॅकअपला नाही.

म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीत दोन प्रश्न साध्या शब्दांत विचारले जावेत. किती वेळचे काम पुन्हा करावे लागले तर आपण सोसू? आणि किती वेळ काउंटर बंद राहिला तर आपण सोसू? पहिल्यावरून बॅकअपची वारंवारता ठरते, दुसऱ्यावरून तो कुठे आणि कसा ठेवायचा ते. हे प्रश्न तंत्रज्ञाने सोडवायचे नाहीत. त्याने फक्त उत्तरांची किंमत सांगायची.

इथे नेहमीची तक्रार येते: लहान संस्थांना हे झेपत नाही, आमच्याकडे माणसे नाहीत, ते सगळे व्हेंडर पाहतो. पैशाचा भाग फारसा टिकत नाही. काही जीबींच्या डेटाबेसचा महिन्याचा साठवण-खर्च कार्यालयाच्या चहापाण्याच्या खर्चाहून कमी भरतो. व्हेंडरचा भाग मात्र खरा आहे आणि म्हणूनच काळजीचा आहे. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादार कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक काही काळ यूपीआयसारख्या सेवांपासून तुटले. वार्षिक करारात ‘बॅकअप व्हेंडर घेईल’ असे लिहून बँकेला काम सोपवता येते. ठेवीदारासमोर उत्तर द्यायची वेळ बँकेवरच येते. करारात बॅकअपऐवजी रिस्टोअर लिहावा: तिमाहीतून एकदा, संस्थेच्या माणसासमोर, कोऱ्या संगणकावर, लिहून ठेवलेल्या पायऱ्यांवरून, आणि ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याने कीबोर्डला हात न लावता. अशा पहिल्याच सरावात बहुतेक ठिकाणी काहीतरी अडते. कूटबद्ध फाइलची किल्ली फक्त त्या मूळ सर्व्हरवरच ठेवलेली निघते, किंवा क्लाउडच्या खात्याचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर जातो. शांतपणे, दुपारच्या वेळी हे कळणे यासारखा स्वस्त सौदा नाही.

कायदाही अर्ध्या वाटेवर थांबला आहे. कंपन्यांच्या हिशेबवह्यांविषयीच्या नियमांत ५ ऑगस्ट २०२२ ला दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप पूर्वी ठरावीक काळाने भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा असे. तो आता रोज ठेवावा लागतो. लेखापरीक्षकही रोजच्या बॅकअपबद्दल आपल्या अहवालात लिहितात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांतही डेटा-बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे. दिशा योग्य आहे. पण रोजच्या बॅकअपची ती अट एक क्रॉन जॉब लावून, त्याच्याकडे पुन्हा न पाहता, पूर्ण करता येते, आणि २० बाइटची फाइल रोज चढवणारी कंपनीही बकेटमधल्या तारखा दाखवून ‘होय’ म्हणू शकते.

म्हणून मागणी लहान आहे. लेखापरीक्षणाच्या तक्त्यात, मग ती कंपनी असो, पतसंस्था असो वा नगरपालिका, ‘रोज बॅकअप घेतला जातो काय?’ या प्रश्नाखाली तीन रकाने वाढवावेत. बॅकअपमधून डेटा शेवटचा कधी उभा केला, त्याला किती तास लागले आणि आकडे जुळल्याची सही कोणाची. ज्या संस्थेला हे तीन रकाने भरता येत नाहीत, तिच्याकडे बॅकअप आहे असे लेखापरीक्षकाने लिहू नये.